वळणावरची पाटी

तुळजापूरहून निघून नांदेडमार्गे बुटीबोरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड, महागाव, आर्णी ही गावे जोडीत पुढे जातो. त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला कडेचे मैलाचे दगडच बरेच काही सांगतात. डोक्यावर पिवळा रंग असलेला दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा आणि केशरी ग्रामीण रस्त्याचा. महामार्ग सोडून आतल्या वाटेला लागले की दगडांचा पिवळा रंग मागे पडतो. अक्षर वाचण्याआधीच रंग सांगून जातो की आपण आता कोणत्या जातीच्या रस्त्यावर आहोत. पाटीविद्येचा पहिला धडा असा रस्त्यावरच गिरवून मिळतो.

महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे असेच आतल्या अंगाचे गाव. जिल्ह्याच्या दक्षिण भागातले. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा आणि मराठवाडा. माहूरची रेणुकामाता याच टापूतली. भोवती कापूस, सोयाबीन, तूर यांची शेते आणि बंजारा समाजाचे तांडे. अशा गावात बाजाराला येणारा माणूस मराठी बोलतो, घरी कदाचित गोरमाटी बोलतो, शेजारच्या दुकानात उर्दू वळणाची हिंदी ऐकतो. त्याची आणि लिखित अक्षराची रोजची गाठ पडते ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक एसटीच्या कपाळावरची गावाच्या नावाची पाटी आणि दुसरी दुकानावरची. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील कित्येकांनी शाळेच्या फळ्याइतकीच एसटीची पाटी वाचून अक्षरे पक्की केली. त्या पाटीवर असते तरी काय? एक गाव, फार तर दोन. तेवढ्यावर माणसे रात्रीबेरात्री बिनचूक घरी पोचतात.

अशा गावांतून अधूनमधून एखादे जुने दुकान उठते. त्याची बातमी कोणी छापीत नाही, पण प्रत्येक व्यापारी घराला ती आपलीच वाटते. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबांनी मांडलेले कापड आणि भांड्यांचे दुकान, वडिलांनी वाढवलेले. मुलगा पुण्यात नोकरीला, सून तिथेच, नातवंडांच्या शाळा तिथल्या. गुडघे दुखू लागलेल्या बाबूजींनी अखेर मान हलवली आहे. दुकान मिटवायचे, मागचे राहते घरही रिकामे करायचे. तागे, स्टीलचे डबे, पितळी घागरी, फळ्या, तराजू, लोखंडी कपाट, सागवानी पेटी, पाळणा. यांतले पुण्याच्या दोन खोल्यांत काय मावणार? माल एकगठ्ठा घेणारा व्यापारी चार आणे भाव सांगतो. भंगारवाला तर वजनकाट्याखेरीज दुसरे काही पाहतच नाही. म्हणून ठरते की दोन दिवस विक्री मांडायची, ज्याला जे हवे ते त्याने रास्त भावात न्यावे. ही विक्री साधणार की फसणार, हे बहुतांशी एका साध्या वस्तूवर ठरते. ती वस्तू म्हणजे वळणावरची पाटी.

घरातले वापरलेले सामान दारात मांडून विकण्याची रीत अमेरिकेत सर्रास आहे. तिथे शनिवार-रविवारच्या सकाळी वाहनघराचे दार उघडून सामान मांडतात आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी रोवतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती परिचयाची आहे. नेदरलँड्समध्ये दरवर्षी, सहसा २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवसानिमित्त सारा देशच रस्त्यावर जुने सामान मांडून बसतो. आपल्याकडे हे काम वेगळ्या वाटांनी होत आले. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारी येई, शहरांत जुना बाजार भरे आणि खेड्यात दवंडी पिटली जाई. दवंडी ही एक प्रकारची बोलकी पाटीच. काय, कुठे, केव्हा, एवढेच तीत असे, आणि ते एका श्वासात संपे. पुढे दवंडीची जागा भोंगा लावलेल्या ऑटोने घेतली आणि पाटीची जागा फ्लेक्सने. साधने वाढली, पण दवंडीची शिस्त हरवली.

ती कशी हरवली, हे या घरातल्या पहिल्या फलकावरून दिसते. मुलगा संगणकावर मजकूर जुळवतो आणि शहरातून फ्लेक्स छापून आणतो. वर देवतांची नावे, मग दुकानाचे नाव, त्याखाली ‘भव्य महासेल’, मग ‘७०% पर्यंत सूट’, वस्तूंची पंधरा नावे, दोन फोन क्रमांक, निमंत्रकांची नावे आणि कोपऱ्यात हसणाऱ्या अनोळखी कुटुंबाचे छायाचित्र. फ्लेक्स दुकानाच्याच माथ्यावर लागतो. दिवसभरात तो वाचतात ते समोरचे दोन दुकानदार, ज्यांना सर्व आधीच ठाऊक आहे. बाजाराला आलेला माणूस एसटी थांब्यावर उतरतो, आपली कामे करतो आणि त्याच एसटीने परत जातो. त्याच्या वाटेत तो फलक येतच नाही.

यातली चूक हिशेबाने समजते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे ३६ फूट पुढे सरकते. पाटीकडे नजर टाकायला स्वाराला मिळतात फार तर तीन सेकंद, म्हणजे साधारण ११० फुटांचा पल्ला. त्यातही त्याला खड्डा पाहायचा असतो आणि समोरची बैलगाडीही. तीन सेकंदांत तीन-चार शब्दच डोळ्यांत शिरतात. अक्षराच्या आकाराचा सोपा ठोकताळा असा की, दर दहा फूट अंतराला एक इंच उंची धरली तर अक्षर आरामात वाचता येते. साठ फुटांवरून पाटी वाचली जावी असे वाटत असेल तर अक्षर सहा इंचांचे हवे. आता तीन फूट रुंद पुठ्ठा घ्यावा. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच कोरी जागा सोडली तर मध्ये दोन फूट उरतात. त्यात सहा इंची अक्षरे बसतात चार. ‘मालविक्री’ हा शब्द चारच अक्षरांचा आहे! त्याखाली एक ठळक बाण आणि वार. पाटी संपली. वस्तूंची यादी, वेळ, भाव, घराचे नाव हे सर्व दुकानाच्या दारावरच्या फलकाचे काम. तिथे माणूस उभा राहून वाचतो. वळणावरच्या पाटीने माणसाला फक्त वळवायचे असते.

देवनागरीला येथे स्वतःची एक अडचण आहे. रोमन अक्षरांची ओळ बहुतांशी एका पट्टीत बसते. आपल्या अक्षराला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि लांबून सारी पाटी काळ्या डागासारखी दिसते. म्हणून दोन ओळींत किमान अर्ध्या अक्षराएवढे अंतर हवे. शिरोरेषा फार जाड ओढली तर अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी सारखीच दिसू लागतात. काना-मात्रेची किंमत व्यापारी घरांना वेगळी सांगायला नको. महाजनी लिपीत मात्रा गाळून लिहीत. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले आणि रडारड झाली, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या हसत सांगितली गेली आहे. दूरवरून वाचली जाणारी पाटी ही अशीच मात्रा गळालेली चिठ्ठी असते. जे स्पष्ट लिहिलेले नाही, ते वाचणारा आपल्या मनाने भरतो.

रंगाच्या बाबतीत मैलाच्या दगडाचा धडा उपयोगी पडतो. पिवळ्यावर काळे अक्षर लांबून उत्तम उठते, पांढऱ्यावर काळेही चालते. लाल रंग शुभ म्हणून हौसेने वापरला जातो, पण विदर्भाच्या उन्हात तो सर्वांत आधी उडतो. त्याहून महत्त्वाचे हे की, सर्व पाट्यांचा रंग आणि अक्षराचे वळण एकच हवे. पहिल्या वळणावर पिवळी पाटी पाहून आत शिरलेला माणूस दुसऱ्या वळणावर पिवळाच रंग शोधतो. तिथे निळी पाटी असेल तर ती दुसऱ्याच कोणाची समजून तो सरळ निघून जातो.

साहित्य घरातच असते. कापडाच्या गाठींबरोबर आलेले खोके, पत्र्याचे जुने तुकडे, मांजरपाटाचे वार दोन वार. गावात जुना पेंटर असेल तर काम त्यालाच द्यावे. तो आधी खडू लावलेले सूत मारून दोन रेघा आखतो, अक्षरे मोजतो, मध्य काढतो आणि मगच ब्रश उचलतो. आधी मोजणी आणि मग लेखन, हा त्याचा क्रम संगणकासमोर बसणाऱ्याला सहसा सुचत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या व पीव्हीसीच्या फलकांवर बंदी आहे. दोन दिवसांच्या कामासाठी पुठ्ठा आणि कापड पुरेसे आहे आणि मागे कचराही राहत नाही. कापडी फलक वाऱ्याने शिडासारखा फुगतो, म्हणून त्यात चार-सहा ठिकाणी चंद्रकोरीसारख्या चिरा द्याव्यात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात कोसळलेल्या प्रचंड जाहिरात फलकाखाली १७ माणसे दगावली. फलक लहान असला तरी तो कोणाच्या डोक्यावर पडणार नाही, ही जबाबदारी लावणाऱ्याचीच.

पाटी कुठे लावावी, याचे उत्तर नकाशा काढून मिळते. गावात येणारे रस्ते किती, एसटी कुठे थांबते, जीप कुठे भरतात, बाजार कुठून सुटतो, हे कागदावर मांडावे. मग प्रत्येक रस्त्याने एकदा परक्या माणसासारखे चालत यावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून येणाऱ्याच्या डाव्या हाताला पाटी हवी. ती वळणाच्या पन्नास-साठ पावले आधी असावी. वळणावरच असलेली पाटी वाचेपर्यंत वळण मागे गेलेले असते. उंची पाच-सहा फूट, म्हणजे ती उभ्या जनावरांच्या व गाड्यांच्या आड जात नाही. बाणाची चूक तर हटकून होते. घरी बसून दोन्ही बाजूंवर उजवीकडे दाखवणारे बाण रंगवले जातात आणि रस्त्यावर लावल्यावर मागच्या बाजूचा बाण गावाबाहेर दाखवू लागतो. म्हणून बाण नेहमी जागेवर उभे राहून काढावा. वळल्यानंतरही थोड्या अंतरावर एक लहान पाटी असावी. ‘वाट बरोबर आहे’ एवढा दिलासा तिने दिला की आलेला माणूस परतत नाही. सर्व लावून झाले की चौथीतल्या एखाद्या मुलाला साठ फुटांवर उभे करून वाचायला सांगावे. तो अडखळला तर दोष त्याचा नाही.

पाटी दुसऱ्याच्या जागेवर लागते, हे विसरू नये. सार्वजनिक जागांचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. ग्रामपंचायतीला आधी विचारावे, भिंत असेल तर घरमालकाची परवानगी घ्यावी. विजेच्या खांबावर चढण्याचा मोह तर अजिबात नको. झाडाला खिळे ठोकून पाटी लावण्याची खोड सर्वत्र आहे. एकेंद्रिय जीवाचीही वेदना मानणाऱ्या घराने ते कसे करावे? बांबू रोवावा किंवा सुतळीने बांधावे. दुकानाच्या कायम पाटीबाबत राज्याने २०२२ साली नियम अधिक कडक केला. कर्मचारी कितीही असोत, नाव मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवे. मुंबईतल्या दुकानदारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. फुलसावंगीसारख्या गावात या नियमाला विरोध करण्याचे कारणच नव्हते. गिऱ्हाइकाला जे वाचता येते तेच लिहावे, हे तिथल्या दुकानदाराला कायद्याआधीच ठाऊक असते.

अक्षर, रंग आणि जागा साधली की उरतो मजकुराचा खरेपणा. ‘७०% पर्यंत सूट’ या ओळीत सत्तर हा आकडा वीतभर असतो आणि ‘पर्यंत’ हा शब्द मुंगीएवढा. शहरात माणूस फसतो, पुटपुटतो आणि पुढच्या दुकानात जातो. गावात तसे घडत नाही. डोईवर पदर घेतलेली एखादी म्हातारी पायरीवरच विचारते, “शेठजी, अर्धा भाव म्हंता, पन कशाचा अर्धा?” या प्रश्नाला उत्तर नसेल तर पाटी कितीही सुबक असली तरी वाया गेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला मोठा दंड आहे. पण गावातल्या दुकानदाराला त्याहून मोठा दंड माहीत असतो. बँक कर्ज देताना कागद पाहते, गाव मात्र तीन पिढ्यांचे शब्द पाहते. त्यालाच पत म्हणतात. म्हणून बाबूजी फ्लेक्स उतरवायला सांगतात आणि दारावर साध्या अक्षरांत लिहून घेतात: कोणता माल कोणत्या भावात, आधीचा भाव किती होता, कोणत्या ताग्याचा कोपरा उन्हाने उडाला आहे, कोणत्या घागरीला पोचा आहे. दोष आधीच लिहिलेल्या वस्तूवर घासाघीस कमी होते, हा अनुभव जुना आहे. तारीखही स्पष्ट हवी. ‘फक्त दोन दिवस’ अशी पाटी महिनाभर लटकत राहिली तर ती रोज नवे खोटे बोलते.

मुहूर्त म्हणजे येथे गावाच्या हातात पैसा असण्याची वेळ. जूनमध्ये सारी रोकड बियाण्या-खतात जाते आणि पावसात पुठ्ठाही टिकत नाही. कापूस घरात येऊन विकला जाऊ लागतो तो दिवाळीच्या सुमारास. तुळशीचे लग्न झाले की लगीनसराई सुरू होते, तेव्हा भांडी, कपाट, पेटी या सगळ्यांना घरे मिळतात. दोन दिवसांपैकी एक दिवस आठवडी बाजाराचा असावा, म्हणजे तांड्यांवरची माणसेही वेगळी खेप न करता येऊ शकतात.

तरीही एक गोष्ट उरतेच, आणि ती कोणत्याही शहरी पुस्तकात सापडणार नाही. पाट्या नीट लागल्या, मजकूर खरा, भाव रास्त, आणि तरी पहिल्या सकाळी निम्मे गाव फिरकत नाही. कारण पाटीत नसते, ते चोपडीत असते. ज्यांच्या नावावर जुनी उधारी आहे, ती माणसे दुकान उठणार म्हटल्यावर त्या गल्लीतून जाणेच टाळतात. मुदतीच्या कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या येण्यासाठी दावा करायला सामान्यतः तीन वर्षे मिळतात. चोपडीतल्या बऱ्याच नोंदी त्यापुढे गेलेल्या असतात. कायद्याने त्या मिटल्या, पण देणाऱ्याच्या मनातून मिटत नाहीत. एकेका बुडालेल्या हंगामाने ती माणसे मागे राहिलेली असतात, बेइमानीने नव्हे. आजवर दुकान चालले ते त्यांच्याच येण्याजाण्यावर.

मुलगा हिशेब मांडतो. “बाबूजी, आता नाही मागितले तर कधी मागणार?” बाबूजी थोडा वेळ चोपडी चाळतात, काही पानांवर थांबतात, मग ती मिटून पेटीत ठेवतात. पेंटरला निरोप जातो. दारावरच्या फलकाखाली आणखी एक ओळ लिहिली जाते:

‘या दोन दिवसांत जुन्या खात्याची बोलणी होणार नाहीत. सर्वांनी यावे.’

ही ओळ तीन सेकंदांत वाचण्याची नसते, म्हणून ती वळणावर नसते. ती वाचायला माणूस दारापर्यंत यावा लागतो, आणि अशी गोष्ट एकाने वाचली की दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला कळते. मग ती म्हातारी पुन्हा येते. या वेळी बरोबर सून असते. पाळणा तीच नेते. कोणी घागर घेतो, कोणी कपाट. एखादा शेतकरी काहीच विकत न घेता कनवटीच्या नोटा काढतो, आठ वर्षांपूर्वीच्या धोतरजोडीचे म्हणून गल्ल्यावर ठेवतो आणि पावती न मागता जातो. सगळेच तसे करीत नाहीत. चोपडीतली बरीच पाने तशीच राहतात. पण गल्लीतून जाताना मान खाली घालण्याचे कारण कोणालाच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला शेवटचे काम असते, आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. पाट्या उतरवणे. विक्री संपल्यावर राहिलेला बाण येणाऱ्या प्रत्येकाला रिकाम्या दाराकडे पाठवतो. मुलगा मोटारसायकलवरून एकेक पाटी काढून आणतो. मोजून लावल्या होत्या, मोजूनच परत येतात. बांबू ज्याचा त्याला दिला जातो, सुतळी गुंडाळली जाते, खड्डे बुजवले जातात.

सर्वांत शेवटी उतरते ती दुकानाची कायमची पाटी. तिच्यामागची भिंत इतकी वर्षे ऊन न लागल्याने कोरी राहिलेली असते. भोवतीचा चुना काळवंडलेला आणि मध्ये पाटीच्या मापाचा स्वच्छ चौकोन. नवा भाडेकरू रंग देईपर्यंत तो तसाच राहील. तोवर गावातली माणसे पाहुण्यांना पत्ता सांगताना त्याच दाराची खूण सांगतील, आणि पाहुण्यांना ते सापडेलही.